शिऊरच्या बहिणाबाई आणि ईश्वरावरील भरंवसा

“देवाच्या मनांत असेल तसें होईल” हें वाक्य महाराष्ट्रांतील घराघरांत ऐकूं येतें. पीक बुडालें, मूल दगावलें, चाकरी सुटली, कीं कोणीतरी तें उच्चारतोच. परंतु हें वाक्य दोन प्रकारच्या मुखांतून निघतें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्याच्या खांद्यावर ओझें आहे तो तें उच्चारतो, तेव्हां त्याच्या पुढच्या पावलास बळ येतें. जो बाजूस उभा राहून पाहत असतो तो तेंच उच्चारतो, तेव्हां पुष्कळदां त्याची स्वतःचीच सुटका होते. ओझ्यास हात लावण्याचें कारण त्याला उरत नाहीं. शब्द तेच, परंतु एका ठिकाणीं श्रद्धा असते आणि दुसऱ्या ठिकाणीं केवळ सोय. या दोहोंतील अंतर ज्या चरित्रांत स्वच्छ दिसतें असें एक चरित्र म्हणजे संत बहिणाबाईचें.

ही बहिणाबाई म्हणजे तुकाराममहाराजांची शिष्या. खानदेशांतील कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) या निराळ्या. दोघींच्या मध्यें अडीचशें वर्षांचें अंतर आहे. संत बहिणाबाईचा जन्म शके १५५०, म्हणजे इ. स. १६२८ मधला. वेरुळाच्या पश्चिमेस असलेलें देवगांव हें तिचें माहेर. वडिलांचें नांव आऊजी कुळकर्णी, आईचें जानकी. वैजापूर तालुक्यांतील शिऊर हें तिचें सासर, आणि तिची समाधिही तेथेंच आहे.

तिच्याविषयीं जें ठाऊक आहे तें बहुतेक तिनेंच सांगून ठेविलें आहे. आपल्या आयुष्याची हकीकत तिनें अभंगांत रचिली. एका स्त्रीनें स्वतः सांगितलेलें इतकें जुनें आत्मवृत्त मराठींत विरळा. १९२९ सालीं जस्टिन अ‍ॅबट यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर पुण्याहून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून तें परदेशांतील अभ्यासकांसही परिचित झालें. या आत्मवृत्तांत स्वप्नें आहेत, दृष्टांत आहेत, चमत्कारही आहेत. ते ज्यानें त्यानें आपापल्या श्रद्धेप्रमाणें घ्यावे. परंतु त्याच अभंगांत भूक आहे, परागंदा होणें आहे, घरांतला मार आहे आणि मनाला पडलेला घोर संशयही आहे. तो भाग मान्य करण्यास कोणत्याही चमत्कारावर विश्वास ठेवावा लागत नाहीं.

बहिणा तीन वर्षांची असतांना तिचें लग्न झालें. वर गंगाधर पाठक हे तीस वर्षांचे बिजवर, वेदविद्येंत निष्णात, घराण्याचे चांगले. त्या काळच्या समजुतीप्रमाणें वडिलांनीं मुलीचें कल्याणच केलें. पुढें कांहीं वर्षांनीं भाऊबंदकीचा कलह विकोपास गेला. वडिलांच्या मागें तगादा लागला, आणि एके रात्रीं आईबाप, जांवई व मुलें हीं सारीं देवगांव सोडून बाहेर पडलीं. ज्यांच्या हातीं गांवचें दप्तर होतें त्यांच्या हातीं भिक्षेची झोळी आली. पंढरपूर झालें, शिखर शिंगणापूर झालें, पुढें रहिमतपुरास कांहीं काळ आसरा मिळाला, आणि अखेर तें कुटुंब कोल्हापुरास येऊन पोंचलें. बहिणा तेव्हां अकरा वर्षांची होती.

या वाटचालीचें वर्णन तिनें केलें आहे, परंतु त्यांत कोठेंही स्वतःविषयींची कींव नाहीं. उलट, पंढरपूर पाहिल्याचा आनंद तिला भिक्षेच्या लाजेहून मोठा वाटला. मात्र येथें एक सावधगिरी हवी. लहान मुलीला संकटांत आनंद सांपडला, म्हणून तें संकट चांगलें होतें असें होत नाहीं. भाऊबंदांनीं केला तो अन्यायच. बहिणाबाई त्याला अन्यायच म्हणते. तिनें त्यास ईश्वरी योजनेचें गोंडस नांव दिलें नाहीं.

कोल्हापुरांत हिरंभट नांवाच्या ब्राह्मणाच्या वाड्यांत या कुटुंबास जागा मिळाली. हिरंभटास कोणीं सवत्स कपिला दान दिली होती. त्यास स्वप्नांत आज्ञा झाली, आणि त्यानें ती गाय वासरासह बहिणेच्या पतीस देऊन टाकिली. त्या वासराचा बहिणेला विलक्षण लळा लागला. ती पाण्याला निघाली कीं वासरूं मागें. ती निजली कीं वासरूं उशाशीं. ज्या मुलीला खेळण्याच्या वयांत घर नव्हतें आणि सवंगडी नव्हते, तिला सोबत मिळाली ती या मुक्या जीवाची.

त्याच सुमारास कोल्हापुरांत जयरामस्वामी वडगांवकर यांचीं कीर्तनें होत होतीं. बहिणा कीर्तनास जाऊं लागली. वासरूंही जाऊं लागलें. एके दिवशीं गर्दी फार झाली आणि लोकांनीं वासराला हांकलून बाहेर बांधिलें. तें बाहेर हंबरूं लागलें, ही आंत रडूं लागली. स्वामींस हें कळतांच त्यांनीं वासराला आंत आणविलें आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेविला. ही गोष्ट गांवभर झाली. वेदशास्त्रसंपन्न गंगाधरपंतांस मात्र ती सोसली नाहीं. आपल्या बायकोविषयीं चव्हाट्यावर बोललें जातें, तिनें भजनांत रमावें, लोकांनीं तिच्याकडे पाहावें, याचा त्यांना संताप आला. त्यांनीं अकरा वर्षांच्या त्या मुलीला केंस धरून ओढलें, मारलें आणि बांधून ठेविलें. ती बांधलेली असेपर्यंत गाईनें आणि वासरानें वैरणीस तोंड लावलें नाहीं, असें ती सांगते.

या मारहाणीविषयीं आजच्या श्रोत्याला जें वाटतें तें योग्यच वाटतें. त्याला दुसरें नांव देण्याचें कारण नाहीं. जयरामस्वामींनाही तें योग्य वाटलें नाहीं; त्यांनीं गंगाधरपंतांस समजाविलें, या मुलीला छळूं नये असें सांगितलें. ही बाब लक्ष्यांत ठेवण्यासारखी आहे. स्वामी स्वतः मोठे भक्त होते. “ईश्वराची इच्छा आहे, मुली, सोस” एवढें बोलून त्यांना पुढच्या गांवीं जातां आलें असतें. परंतु त्यांनीं ज्याचा हात उठला होता त्यालाच बोल लाविला. खऱ्या भक्ताची ही ओळख आहे: दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ सांगण्याआधीं तो त्या दुःखाचें निवारण करण्यास धांवतो.

पुढें थोड्याच दिवसांत तें वासरूं मेलें.

एवढ्या मोठ्या जगांत एक वासरूं मेलें तर काय झालें, असें कोणी म्हणेल. परंतु दुःखाचें माप वस्तूच्या मोलावरून होत नसतें. ज्याला दुसरें कांहीं नाहीं त्याचें एक जातें तेव्हां सर्वस्व जातें. बहिणेची शुद्ध हरपली. कांहीं दिवस ती तशीच पडून होती. त्या अवस्थेंत तिला तुकोबांचें दर्शन घडलें. तुकोबांस तिनें कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें; जयरामस्वामींच्या कीर्तनांतून त्यांचे अभंग मात्र ऐकले होते, आणि मन त्यांच्याकडे लागलें होतें. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ही तिथी तिनें आयुष्यभर जपून ठेविली. त्या दिवशीं स्वप्नांत तुकोबांनीं तिच्या मस्तकीं हात ठेवून मंत्र दिला.

तुकोबांची आठवण या मुलीला कां व्हावी, याचें उत्तर तुकोबांच्या चरित्रांत आहे. १६३०च्या सुमारास दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा हीं दोघेंही गेलीं. व्यापार बुडाला, घराण्याची पत गेली. त्या पोळलेल्या मनांतून जे अभंग निघाले ते देहूच्या बाहेर, घाटाखालीं आणि घाटावर, जेथें जेथें पोळलेलें मन होतें तेथें तेथें जाऊन पोंचले. ज्यानें दुःख पाहिलेलें नाहीं त्याचा उपदेश कानांपर्यंत येतो. ज्यानें पाहिलें आहे त्याचा शब्द आंत उतरतो.

येथें कथा सुफळ संपूर्ण झाली असती तर ती नेहमींची एक पोथी झाली असती. परंतु दर्शनानंतर बहिणेचे हाल अधिकच वाढले. ब्राह्मणाच्या बायकोनें शूद्राला गुरु करावें, हें गंगाधरपंतांस अगदींच असह्य झालें. लोक तिच्या दर्शनास येऊं लागले, तेव्हां तर त्यांनीं घर सोडून तीर्थयात्रेस निघून जाण्याचा निश्चय केला. बहिणा त्या वेळीं गर्भवती होती. नवरा निघून जाणार, आईबाप दुसऱ्याच्या आश्रयास, पोटीं मूल, आणि त्या काळीं नवऱ्यानें टाकलेल्या स्त्रीला समाजांत उभें राहण्यास जागा नव्हती.

या क्षणीं बहिणाबाईच्या मनांत जें आलें तें तिनें लपविलें नाहीं. तिला वाटलें, विठ्ठल तर पाषाणाचा आहे आणि तुकोबा तर स्वप्नांत भेटलेले. या दोघांच्या पायीं हाताशीं असलेला संसार कां गमवावा? स्त्रीला वेदाचा अधिकार नाहीं, मंत्राचा नाहीं, मग परमार्थाचा मार्ग तिच्यासाठीं आहे तरी कोठें, हाही प्रश्न तिनें विचारिला. आणि सरतेशेवटीं तिनें मनाशीं ठरविलें कीं पतीची सेवा करावी, तोच आपला देव मानावा.

श्रोतेहो, संतचरित्रांत असा प्रामाणिक प्रसंग फार थोडा सांपडतो. मोठेपण मिळाल्यावर मनुष्य आपल्या दुबळ्या क्षणांवर पडदा टाकतो. बहिणाबाईनें तो टाकला नाहीं. ईश्वरावर भरंवसा म्हणजे संशय कधींच न येणें, अशी एक समजूत रूढ आहे. त्या समजुतीनें कित्येक सालस माणसांस उगाच अपराधी वाटत असतें. मूल तापानें फणफणत असतां ज्या आईच्या मनांत “देव आहे कीं नाहीं” असें येतें, ती अश्रद्ध नसते. ती दमलेली असते. बहिणाबाईला संशय आला, तिनें तो बोलून दाखविला, आणि तरीही तिचें नामस्मरण सुटलें नाहीं. भरंवसा म्हणतात तो याला.

गंगाधरपंत निघण्याच्या बेतांत असतांनाच आजारी पडले. तापानें अंथरूण धरलें तें महिनाभर. औषध लागूं पडेना, अन्न जाईना. बहिणेनें रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांनीं तिला बांधिलें होतें त्याच हातांना तिनें पाणी पाजलें. येथें तिला सूड सुचला असता तरी कोणी नवल केलें नसतें. “देवानें शिक्षा दिली” असें म्हणून ती स्वस्थ बसली असती, तरी त्या वाक्यास गांवांत मान मिळाला असता. पण दुसऱ्याच्या आजारांत ईश्वराची शिक्षा वाचण्याचा उद्योग तिनें केला नाहीं. समोर तापलेलें कपाळ होतें. त्यावर तिनें ओली पट्टी ठेविली. आजाऱ्याला मात्र स्वतःच्या मनाची टोंचणी लागली. तुकोबांची निंदा केली, बायकोला छळलें, त्याचें हें फळ, असा विचार त्यांच्याच मनांत आला. ते बरे झाले ते पालटूनच. आणि गाय बरोबर घेऊन सारें कुटुंब देहूच्या वाटेस लागलें. देहूस इंद्रायणीच्या तीरीं बहिणाबाईनें तुकोबांस प्रत्यक्ष पाहिलें, तों स्वप्नांत दिसलेलेच ते.

या प्रसंगाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव आहे, म्हणून तो येथेंच स्पष्ट केला पाहिजे. “सोसलें म्हणून नवरा सुधारला, तेव्हां बायकांनीं सोसावें” असा उपदेश यांतून निघत नाहीं. सोसूनही न सुधारलेल्या नवऱ्यांच्या बायकांनीं अभंग लिहिले नाहींत, म्हणून त्या नव्हत्या असें नाहीं. बहिणाबाईला आसरा देणारें दुसरें दार तिच्या काळीं नव्हतें. आज घरांतील छळापासून स्त्रीचें रक्षण करणारा कायदा आहे. तो २००५ सालीं संमत झाला आणि २००६ पासून अमलांत आहे. त्या दाराशीं जाणें म्हणजे ईश्वरावरील भरंवसा सोडणें नव्हे. जयरामस्वामींनीं जें काम शब्दानें केलें तेंच काम आज कायदा करूं पाहतो. उघडलेलें दार हीही ईश्वराचीच योजना मानण्यास श्रद्धावंताला हरकत नसावी.

मग बहिणाबाईच्या शुश्रूषेंत आदर्श तो कोणता? तो असा कीं, तिनें ती सेवा कांहीं मिळवावें म्हणून केली नाहीं. पति सुधारेल हें तिला ठाऊक नव्हतें. तो जगेल हेंही ठाऊक नव्हतें. निष्काम सेवेचा अर्थ पोथ्यांत पुष्कळ सांगितलेला असतो. परंतु ज्या रात्रीं फळ दिसत नाहीं त्या रात्रीं उशाशीं बसून राहणें, एवढाच तो अर्थ आहे. देवाशीं जो व्यवहार करतो, इतकीं पारायणें केलीं म्हणून इतकें द्यावें असें मागतो, त्याची भक्ति पहिल्या संकटास हिशेबाची वही उघडते. बहिणाबाईजवळ वहीच नव्हती.

देहूसही तिला सुख लाभलें असें नाहीं. मंबाजी गोसावी म्हणून तेथें एक होते. तुकोबांचा द्वेष करणारे म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहेतच. या कुटुंबानें आपलें शिष्यत्व घ्यावें असा त्यांचा आग्रह होता. तो न जुळल्यामुळें त्यांनीं त्रास आरंभिला, आणि अखेर तिची ती गायच धरून नेली, कोंडून मारली. त्या मुक्या जनावराच्या अंगावरचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असें बहिणाबाई सांगते. हें अक्षरशः घ्यावें कीं न घ्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु त्यांत सांगितलेली संतांची व्याख्या कोणासही पटेल. दुसऱ्याच्या पाठीवरचा फटका ज्याला आपल्या पाठीवर लागतो तो संत. तो फटका पाहून जो म्हणतो “हें तुझें प्रारब्ध,” तो कितीही विद्वान असो, त्याच्या पाठीवर वळ उठत नाहीं.

१६५०च्या सुमारास तुकोबांनीं इहलोक सोडला. बहिणाबाई पुढें पन्नास वर्षें राहिली. तिला मुलगी झाली, मुलगा झाला. शिऊरला तिनें संसार केला, आणि अभंगरचनाही केली. ब्राह्मण कोणास म्हणावें, या प्रश्नाचा ऊहापोह करणारे तिचे अभंग आहेत. जन्मानें, वर्णानें वा पांडित्यानें ब्राह्मण होत नाहीं, ब्रह्म जाणणारा तोच ब्राह्मण, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्या घरांत शूद्र गुरु केल्याबद्दल तिला मार बसला त्याच घरांतल्या स्त्रीनें हें लिहिलें, ही गोष्ट लहान नव्हे. सोसणें म्हणजे पटणें नव्हे, हें तिनें येथें दाखविलें. तिनें सोसलें खरें. परंतु जें तिला असत्य वाटलें त्यास तिनें सत्य म्हटलें नाहीं.

शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० मध्यें, अंतकाळ जवळ आलासें पाहून तिनें परगांवीं गेलेल्या मुलास पत्र पाठवून बोलावून घेतलें. विठोबा हें त्याचें नांव. तो आल्यावर तिनें त्याला आपल्या पूर्वजन्मांची हकीकत सांगितली. बारा जन्म मागें झाले, हा तेरावा आणि शेवटचा, असें ती म्हणाली. पूर्वजन्म कोणास पटोत वा न पटोत. त्या बाहत्तर वर्षांच्या वृद्धेनें त्या घटकेला काय केलें, तें पाहावें. देवगांव सोडल्याची रात्र, भिक्षेची झोळी, कपिलेचें वासरूं, मार, तापाचा महिना, देहूचा छळ, हें सारें तिनें एका सूत्रांत ओंवून पाहिलें, आणि तें सूत्र तिला देवाचें वाटलें.

परंतु हें सूत्र तिला दिसलें तें बाहत्तराव्या वर्षीं. अकराव्या वर्षीं, बांधलेली असतांना, दिसलें नव्हतें. आणि त्या वेळीं दुसऱ्या कोणी येऊन तिला तें दाखवूं पाहिलें असतें तर ती क्रूरता झाली असती. ईश्वराची योजना वाचण्याचा अधिकार ज्याचें आयुष्य त्यालाच आहे, आणि तोही वाट बरीच चालून झाल्यावर. मध्यंतरीं त्याच्या वांट्यास येतें तें इतकेंच: नाम सोडूं नये, खोट्यास खरें म्हणूं नये, आणि हातांतलें काम टाकूं नये. इतरांच्या वांट्यास याहूनही सोपें काम येतें.

शेजारीं कोणावर प्रसंग आला, तर “देवाच्या मनांत होतें” हें वाक्य त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबावें. तोंवर त्याच्या घरचें पाणी भरून द्यावें, रुग्णाजवळ एक रात्र जागावें, रडणाऱ्या मुलाला कडेवर घ्यावें. तें वाक्य त्याच्या तोंडून कधीं आलेंच नाहीं, तरी भरलेला हंडा वायां जात नाहीं.